नोटीस न मिळताच लोनचा अवॉर्ड: कलम ३४ लावायचं, एक्झिक्युशनमध्ये लढायचं की सेटलमेंट करायचं?

आपल्याविरुद्ध लवादाचा (कोर्टाऐवजी वाद सोडवायला नेमलेल्या माणसाचा) अवॉर्ड म्हणजे निकाल झालाय हे बऱ्याच जणांना पगारावर जप्ती आली की मगच कळतं. मुंबईत तर हे सर्रास होतं, चाळ रिडेव्हलपमेंटला गेलेली, माणूस भाड्याने विरारला आणि पत्रं मात्र पाडलेल्या बिल्डिंगच्या पत्त्यावर.

काय करायचं हे सगळ्यात आधी एका तारखेवर ठरतं, अवॉर्डची सही असलेली प्रत तुम्हाला कधी मिळाली. रिकव्हरीवाल्याने व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो म्हणजे ती प्रत नव्हे. मिळालीच नसेल तर लवादाकडे आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडे आजच लेखी मागा, आणि ती ज्या पाकिटातून येईल ते पाकीट जपून ठेवा, त्यावरचा पोस्टाचा शिक्काच पुढे कामाला येतो.

लवाद कायद्याचं कलम ३४ म्हणजे कोर्टाकडून अवॉर्ड रद्द करून घेणं. प्रत मिळाल्यापासून ३ महिने, सबळ कारण असेल तर वर ३० दिवस, त्यानंतर कोर्ट ऐकतच नाही. नोटीस मिळाली नाही हे कारण त्या कलमातच दिलेलं आहे, पण कंपनी म्हणणार आम्ही शेवटच्या माहितीतल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलं, म्हणून लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट, पत्ता बदलल्याचा बँकेला केलेला ईमेल असं सगळं काढून ठेवा. माझ्या मते याहून भक्कम मुद्दा म्हणजे लवाद कंपनीने एकटीनेच नेमला होता का? सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून अशी एकतर्फी नेमणूक टिकत नाही, आणि तुम्ही गप्प राहिलात म्हणून हक्क सोडला असंही होत नाही, त्याला वाद सुरू झाल्यानंतरची लेखी संमती लागते. अडचण ही की केस टाकली म्हणून आपोआप स्टे मिळत नाही, तो वेगळा मागायचा आणि कोर्ट काही रक्कम भरायला सांगू शकतं. लवादाचं ठिकाण करारात चेन्नई असेल तर केसही तिकडेच. आणि जिंकलात तरी मूळ कर्ज माफ होत नाही, कंपनी परत नव्याने लवादाकडे जाऊ शकते.

एक्झिक्युशनमध्ये, म्हणजे कंपनी कोर्टातून अवॉर्डची वसुली करत असताना, हरकत घेणं हे ३४ ची मुदत गेलेल्यांसाठी. कोर्ट इथलं, मुंबईचं, पण तिथे अवॉर्ड मुळातच शून्य, म्हणजे कायद्याने नसल्यातच जमा आहे हे दाखवावं लागतं, नुसतं नोटीस नव्हती म्हणून भागणं कठीण. एकतर्फी नेमणुकीचा मुद्दा इथेही घ्या, दिल्ली हायकोर्टाने २०२३ मध्ये तो मान्य केलाय. तोवर एवढं माहीत असू द्या की पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत, पीएफलाही हात लावता येत नाही.

सेटलमेंट तेव्हाच, जेव्हा कर्ज खरंच घेतलंय आणि आकडाही साधारण बरोबर आहे. पण बोलणी चालू असली म्हणून ३४ ची मुदत थांबत नाही, एजंट "साहेब बघतायत, थांबा" करत ते ३ महिने खाऊन टाकतो. म्हणून मुदत शिल्लक असेल तर मी आधी ३४ दाखल करा आणि मग बोला असंच सांगेन, तेव्हा समोरचाही आकड्यावर खाली येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना आणि एससी-एसटीतल्यांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. एक्झिक्युशन चालू असताना पैसे भरलेत तर ते त्या कोर्टात नोंदवून घ्याच, नुसत्या नो ड्यूज लेटरवर राहू नका, कोर्टाबाहेर दिलेले आणि नोंद न झालेले पैसे एक्झिक्युशनचं कोर्ट धरत नाही.