‘टू द लाइटहाउस’: मधला भाग चाळून सोडू नका

व्हर्जिनिया वुल्फ यांची ही १९२७ सालची कादंबरी बरेच वाचक सुरुवातीलाच खाली ठेवतात, कारण आपण कोणाच्या मनात आहोत हे वाक्याच्या मध्येच बदलतं. परिच्छेद संपला की ‘हे कोणाला वाटलं?’ एवढं ठरवा आणि मग पुढे जा. पहिल्या भागातली १९ प्रकरणं एकाच दिवसाच्या दुपार-संध्याकाळची आहेत. घाई केलीत तर रॅम्से नवराबायकोतली न बोललेली ओढाताण हातून निसटेल.

खरी कमाल दुसऱ्या भागात आहे. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचं रॅम्से कुटुंबाचं घर ओस पडतं आणि वारा, ओल, धूळ त्याचा ताबा घेतात. माणसांचे मृत्यू मात्र चौकटी कंसात [ ], एकदोन वाक्यांत उरकलेले. मुलांच्या खोलीत डुकराची कवटी टांगलेली असते. ती काढलेली जेम्सला खपत नाही, आणि कॅमला तिची भीती वाटते. म्हणून आई स्वतःची शाल त्या कवटीला गुंडाळते. पुढे रिकाम्या घरात त्याच शालीची एकेक घडी सुटत जाते. आईची माया आणि निसर्गाची बेपर्वाई, दोन्ही एकाच वस्तूत! शोक इतक्या संयमाने लिहिलेला फार क्वचित वाचायला मिळतो.

तिसऱ्या भागात दीपगृहाकडे निघालेली होडी आणि रॅम्से कुटुंबाची चित्रकार पाहुणी लिली हिचं चित्र आलटूनपालटून येतात. आमिषासाठी जिवंत माशाचा तुकडा कापल्याचं तिथलं इवलंसं प्रकरण दोनदा वाचा.

फुकट ई-प्रत घेणार असाल तर आधी चौकटी कंस शाबूत आहेत का, ते तपासा. साधे कंस वुल्फ वेगळ्या कामासाठी वापरतात.