इंदूरच्या गच्चीवरून सुपरनोव्हा: १३० मिमी दुर्बिणीचा वर्षभराचा अनुभव

१३० मिमी आरसा आणि ६५० मिमी फोकल लेंग्थची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण, मोटरवालं इक्वेटोरियल माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा स्टँड) आणि जुना डीएसएलआर कॅमेरा. २०२३च्या सुरुवातीपासून हा संच सुदामानगरच्या गच्चीवर वापरतोय. चंद्र-शनीबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी सुपरनोव्हाबद्दल, म्हणजे ताऱ्याच्या शेवटच्या स्फोटाबद्दल लिहितो.

१९ मे २०२३ला जपानच्या कोइची इतागाकींना एम१०१ दीर्घिकेत एसएन २०२३आयएक्सएफ सापडला. अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं! काही दिवसांत तो ११व्या प्रतीच्या आसपास पोचला (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). जागा सोपी: सप्तर्षींतल्या वसिष्ठ आणि मरीचीशी त्रिकोण करा, तिसऱ्या टोकाला एम१०१. मे महिन्यात ती रात्री उत्तरेला चांगली वर असते.

शहरातून हे जमणारच नाही, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. जमतं. दीर्घिकेच्या बाहूंचा प्रकाश पसरलेला असतो, म्हणून तो शहराच्या उजेडात बुडतो. ताऱ्याचा प्रकाश मात्र मोजक्या पिक्सेलवर एकवटतो. आयएसओ १६००वर ३० सेकंदांच्या एकाच फ्रेममध्ये बाहू जेमतेम जाणवत होते आणि तारा ठसठशीत! बऱ्याच फ्रेम स्टॅक केल्यावर (एकावर एक रचून जोडल्यावर) शेजारचा एनजीसी ५४६१ हा धूसर पुंजकाही वर आला. सुपरनोव्हाच्या जागी जुन्या फोटोत काहीच नाही. एका लाल महाताऱ्याचा शेवट आपल्या गच्चीवरून टिपता आला, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

खरी परीक्षा माउंटची. इंदूरला ध्रुव जेमतेम २२-२३ अंशांवर, आमच्याकडे तर शेजारच्यांच्या टाकीमागेच. त्यामुळे पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) ड्रिफ्ट पद्धतीनं, म्हणजे तारा किती सरकतो ते पाहून करावी लागते. वेळ खाते, पण नंतर तारे गोल येतात. पैसे कमी असतील तर नळी लहान घ्या, माउंटमध्ये काटकसर नको. याच मापाच्या काही नळ्यांवर डीएसएलआर फोकसलाच येत नाही, तेवढं दुकानातच तपासा. एफ/५मुळे (फोकल लेंग्थ भागिले आरशाचा व्यास) कडेचे तारे शेपटीवाले दिसतात. लक्ष्य मध्यभागी ठेवलं की कोमा करेक्टरवाचून (ही शेपटी घालवणारं भिंग) भागतं.

मेच्या उकाड्यात सेन्सरचा नॉइज फार वाढतो. डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेले, नॉइज वजा करायचे फोटो) लगेच तिथेच, त्याच तापमानात घ्या. घरात कूलरसमोर नेऊन घेतलेल्या जुळत नाहीत.

तेजस्विता मोजायला फोटोतला हिरवा चॅनल आणि एएव्हीएसओ या बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संघटनेच्या नकाशातले तुलनेचे तारे पुरतात. पावसाळ्यात नोंदी तुटल्या. हिवाळ्यात एम१०१ पहाटे परत दिसू लागली तेव्हा तारा बराच मंदावला होता, तरी स्टॅकमध्ये सापडत होता.