स्लीव्ह ऑपरेशन, वर्ष उलटून गेल्यावर: वजन उतरलं, कॅल्शियमचा रकाना मात्र कुणी वाचला नाही

पोटाचा किती भाग काढतात, पहिले पंधरा दिवस काय प्यायचं, पॅकेजमध्ये काय काय येतं हे स्लीव्हचा, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर कापून लहान करायच्या ऑपरेशनचा, विचार करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं, म्हणून त्यात शिरत नाही. माझं वजन ११६ किलोवरून ८१ वर आलं. शुगरच्या गोळ्या सुटल्या. सात रस्त्यावरून नवी पेठेपर्यंत न थांबता चालत जाते. वजनाच्या बाबतीत माझी काडीचीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती रक्ताच्या एका साध्या तपासणीबद्दल. कॅल्शियम. दोनशे रुपयांच्या आसपास होते. लाखांच्या पॅकेजमध्ये ऑपरेशनआधीच्या तपासण्यांची पानभर यादी होती: शुगर, थायरॉइड, लिव्हर, किडनी, छातीचा एक्स-रे, एंडोस्कोपी, झोपेची तपासणीसुद्धा. त्या यादीत कॅल्शियम नव्हतं.

आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, हिशेब मी बघते. आकडे वहीत उतरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून ऑपरेशननंतरचा प्रत्येक रिपोर्ट मी वहीत उतरवला. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, अल्ब्युमिन, सगळ्यांचे वेगळे रकाने.

तीन महिन्यांच्या तपासणीत कॅल्शियम १०.२ आलं. लॅबची मर्यादा ८.५ ते १०.५, म्हणजे नॉर्मल. फॉलो-अपच्या बाईंनी व्हॉट्सअॅपवर हिरवी खूण पाठवली. पण त्याच कागदावर अल्ब्युमिन ३.२ होतं. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटून फिरतं. अल्ब्युमिन कमी असलं की कॅल्शियमचा आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. त्यासाठी हिशेब करतात: अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणायचं आणि तो आकडा कॅल्शियममध्ये मिळवायचा. माझं १०.८४ होतं. मर्यादेच्या वर. पोट लहान केल्यावर पहिल्या महिन्यांत प्रथिनं कमी पडणं ही नेहमीचीच गोष्ट आहे, मग ही बेरीज प्रत्येक पेशंटच्या रिपोर्टवर व्हायला नको का? पॅकेजमध्ये वर्षभराचा फॉलो-अप लिहिलेला असतो. फॉलो-अप म्हणजे ही बेरीज, असं मी तरी समजते.

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सहा महिन्यांचा रिपोर्ट आला. १०.९. आता अल्ब्युमिन सुधारलं होतं, म्हणजे बेरजेची गरजच नव्हती, आकडा उघडच जास्त होता. उत्तर आलं, "मॅडम, कॅल्शियमच्या गोळ्या बंद करा आणि पाणी वाढवा." गोळ्या बंद केल्या. पाणी वाढवायचं म्हणजे घोट घोट, कारण या पोटात एका वेळी पेलाभर पाणी जात नाही.

तब्येतीचं म्हणाल तर थकवा, सतत तहान, बद्धकोष्ठ, रात्री लघवीला उठणं, नावं न आठवणं. यातल्या प्रत्येक गोष्टीला ऑपरेशनचं कारण तयार होतं. खाणं कमी म्हणून थकवा, भाकरी कमी म्हणून बद्धकोष्ठ. नणंद म्हणायच्या, "एवढंसं खाल्ल्यावर अंगात जीव कुठनं राहणार ओ वैनी?" आणि त्यांचं म्हणणं कुणालाही पटेल असंच होतं. डाएटिशियनने ब्रोकोली आणि किन्वाचा तक्ता दिला होता. तो बाजूला ठेवून मी मटकी, ताक, अंडी आणि वरणात भिजवलेली कडक भाकरी यांवर प्रथिनं भरून काढली. हे सोलापुरात राहणाऱ्या कुणालाही जमेल, महागडे डबे लागत नाहीत.

मग एप्रिल. सोलापूरचा एप्रिल काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. उलट्या सुरू झाल्या, पाणी टिकेना, कमरेत कळ. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथला फोन लागला नाही, म्हणून रात्री दुसरीकडे नेलं. घरी सगळ्यांनी पित्ताशयातले खडे धरले होते, कारण वजन झपाट्याने उतरलं की ते होतात. पण त्यासाठीच्या उर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिडच्या गोळ्या मी सहा महिने नेमाने घेतल्या होत्या आणि सोनोग्राफीत पित्ताशय स्वच्छ निघालं. खडा होता तो मूत्रपिंडात. बोअरच्या पाण्याने झाला, असं ताबडतोब ठरलं.

त्या रात्रीच्या ड्युटी डॉक्टरबद्दल मला सविस्तर लिहायचंय. वयाने माझ्या मुलाएवढा. नर्स ग्लुकोजची बाटली लावायला आली तर म्हणाला, "थांबा, आधी थायमिन द्या." पोटाच्या अशा ऑपरेशननंतर उलट्या होत राहिल्या की शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपतं, आणि ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. हे त्याला ठाऊक होतं, आणि रात्री दोन वाजता लक्षातही होतं. नंतर त्याने माझी वही मागून घेतली. कॅल्शियम ११.६ आलं होतं.

"मावशी, कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत?"

"जानेवारीतच बंद केल्या."

"बीपीची गोळी कुठली?"

पूर्वीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड होतं, त्यानेही कॅल्शियम वाढतं. पण वजन उतरल्यावर ती थंडीतच सुटली होती. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटं आपल्याकडे लोक वर्षानुवर्षं घेत राहतात, तेही त्याने विचारलं. ड ३४ होतं, म्हणजे अतिरेक नव्हता. "मग पीटीएच करा," म्हणाला. म्हणजे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकाची तपासणी. आणि आणखी एक प्रश्न, जो मला कुणीच विचारला नव्हता: केसांसाठी बायोटिन घेता का? घेत होते. या ऑपरेशननंतर केस गळतात, बऱ्याच बायका घेतात. बायोटिनमुळे काही मशीनवर पीटीएच खोटं कमी दिसतं. म्हणून ते बंद करून थोड्या दिवसांनी रक्त दिलं.

पीटीएच १६२. मर्यादा ६५ पर्यंत.

हे कसं वाचायचं ते लिहिते, कारण मला ते सुरुवातीला कुणी नीट सांगितलं नाही. गळ्यात थायरॉइडच्या मागे साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, प्रत्येक भाताच्या दाण्याएवढी. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की त्या पीटीएच सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढून आणतात. वजनाच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम आणि ड कमी पडून पीटीएच वाढणं नेहमीचं आहे, पण तेव्हा कॅल्शियम कमी किंवा नॉर्मल असतं. गोळ्या जास्त झाल्या असतील तर कॅल्शियम वाढतं, पण पीटीएच खाली जातं. दोन्ही एकाच वेळी वर असणं याचा अर्थ बहुतेक वेळा एखादी ग्रंथी स्वतःच्या मनाने चालते आहे. हा वेगळा आजार आहे, पन्नाशीच्या पुढच्या बायकांत जास्त दिसतो, आणि ऑपरेशनने झालेला नाही.

पुण्याला गळ्याचा स्कॅन झाला. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री घरी. टेक्निशियमचं इंजेक्शन देऊन आधी एक फोटो, काही वेळाने दुसरा. थायरॉइडमधला रंग ओसरला, डावीकडे खाली एक ठिपका तसाच राहिला. तीच बिघडलेली ग्रंथी. हाडांच्या घनतेची तपासणी झाली, त्यात कंबर ठीक आणि मनगट कमजोर. या आजारात मनगटावर आधी परिणाम होतो. काही वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून माझं तेच मनगट मोडलं होतं. त्याच्याही आधी एकदा मुतखडा पडला होता. वजनाच्या ऑपरेशनच्या अॅडमिशन फॉर्मवर या दोन्ही गोष्टी माझ्या अक्षरात लिहिलेल्या आहेत. तो फॉर्म घेणाऱ्याने, वाचणाऱ्याने, सही करणाऱ्याने एकदाही "कॅल्शियम बघू या" म्हटलं नाही.

इथवरचं मी जूनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि स्लीव्हला पाचपैकी दोन तारे दिले होते. आता तसं वाटत नाही, आणि का ते सांगते.

गळ्यातली ती ग्रंथी ऑपरेशन करून काढणाऱ्या सर्जनबाईंनी समजावलं की माझा आजार बहुधा वर्षानुवर्षं चालू असणार. लठ्ठपणात ड जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी असतं, माझं ११ होतं. ड एवढं कमी असलं की या आजारात वाढलेलं कॅल्शियमही दबून राहतं, आकडा फसवा दिसतो. वजनाच्या ऑपरेशनच्या निमित्ताने ड भरून काढलं आणि खरा आकडा वर आला. शिवाय तीन-तीन महिन्यांनी रक्त तपासायची शिस्त लागली. एरवी मी कॅल्शियम कधी तपासलं असतं? आणखी एखादं हाड मोडल्यावर. म्हणजे ज्याला घरचे सगळे साइड इफेक्ट म्हणत होते, त्यानेच आत दडलेला आजार दाखवून दिला. हे श्रेय ऑपरेशनला द्यावंच लागेल.

गळ्याचं ऑपरेशन पोटाच्या मानाने किरकोळ. ग्रंथी काढल्यावर टेबलावरच दहा मिनिटांनी पुन्हा पीटीएच मोजतात. हे संप्रेरक रक्तातून काही मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे आकडा निम्म्याहून खाली गेला की खरी ग्रंथी निघाली असं समजतात. माझा ३१ वर आला. एक बारकी गोष्ट मला फार आवडली: या ग्रंथी पहिल्यांदा सापडल्या त्या माणसात नव्हे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात. रिचर्ड ओवेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या नोंदवल्या. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केलं.

नंतरचे काही दिवस ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या. उपाशी हाडं कॅल्शियम ओढून घेतात. इथे स्लीव्हवाल्यांनी लक्ष द्या: नेहमीच्या कॅल्शियम कार्बोनेटला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, आणि आपलं पोट लहान झालेलं असतं, बहुतेकांना आम्ल कमी करणारी गोळीही चालू असते. कॅल्शियम सायट्रेट मागा. महाग पडतं, आमच्या भागात दोन-तीन मेडिकल फिरावी लागली, पण मुंग्या त्यानेच थांबल्या. लोहाची गोळी त्याच्याबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

आता पैशाचं. स्लीव्ह आम्ही पदरच्या पैशाने केलं होतं. गळ्याच्या ऑपरेशनचा क्लेम टाकला तर विमा कंपनीने लिहिलं, हे वजनाच्या ऑपरेशनचं कॉम्प्लिकेशन आहे, देता येत नाही. मला खरोखर संताप आला. सर्जनबाईंनी पत्र दिलं की हा स्वतंत्र आजार आहे, काढलेल्या ग्रंथीचा बायोप्सी रिपोर्ट अॅडिनोमाचा, म्हणजे कॅन्सर नसलेल्या साध्या गाठीचा आहे. मी वहीच्या पानांची झेरॉक्स, जुन्या फ्रॅक्चरचा एक्स-रे आणि मुतखड्याचं तेव्हाचं बिल जोडलं. त्या जुन्या बिलाच्या तारखेमुळेच आजार स्लीव्हच्या आधीपासूनचा आहे हे त्यांना मान्य करावं लागलं. क्लेम पास झाला. म्हणून जुने कागद रद्दीत घालू नका.

माझे आता चार तारे. वजन, शुगर, गुडघे, आणि सापडलेला आजार या सगळ्यांचे मिळून. पाचवा देत नाही, कारण ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलला मी लेखी अर्ज दिलाय: ऑपरेशनआधीच्या यादीत कॅल्शियम आणि अल्ब्युमिन घाला, ड कमी निघालं तर पीटीएच करा, आणि फॉलो-अपच्या रिपोर्टवर बेरीज केलेला आकडा लिहून द्या. काउंटरवर पोच मिळाली, उत्तर आलेलं नाही. कुणी पुढच्या महिन्यात अॅडमिट होणार असेल तर त्यांच्या यादीची वाट बघू नका, बाहेरच्या लॅबमध्ये कॅल्शियम आणि अल्ब्युमिन या दोन तपासण्या स्वतः करून घ्या आणि रिपोर्ट सर्जनच्या हातात द्या. पूर्वी मुतखडा झाला असेल किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल तर तेही तोंडाने सांगा, फॉर्मवर लिहून थांबू नका.