व्हॉट्सअ‍ॅपचं फॉरवर्ड लेबल: पुराच्या दिवसांत कितपत उपयोगी?

कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सांगलीतल्या गल्लीगल्लीच्या ग्रुपवर मेसेजही चढतात. ते पारखायला व्हॉट्सअ‍ॅपने हाताशी दिलेली खूण म्हणजे दुहेरी बाण. जुलै 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर पसरलेल्या अफवेतून मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात भारतात मेसेज एका वेळी 5 चॅटनाच फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. 2020 पासून दुहेरी बाणाचा, म्हणजे निदान पाच हातांतून आलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. अफवेचा वेग यामुळे कमी होतो, हे मान्यच करायला हवं.

पण बाण सांगतो तो मेसेज किती फिरलाय एवढंच. 2019 च्या पुराचा व्हिडिओ आज फॉरवर्ड केला की त्यावर आजचीच वेळ दिसते. मजकूर कॉपी-पेस्ट केला किंवा स्क्रीनशॉट टाकला की बाण गेला आणि मर्यादाही गेली.

‘अलमट्टीतून 5 लाख क्युसेक सोडले, सांगलीकरांनो सामान हलवा’ हा नमुना घ्या. अलमट्टी धरण सांगलीच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात. तिथला विसर्ग वाढला म्हणजे पाणी पुढे निघालं. सांगलीवर येतं ते कोयनेचं आणि मधल्या पावसाचं. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळणारी वारणा फुगलेली असेल तर ते तुंबतं. हाच आकडा कोयनेच्या नावावर आला तर गुणाकार करा. 1 लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला 1 लाख घनफूट, दिवसभर चालले की 8.64 टीएमसी (अब्ज घनफूट) होतात, 5 लाखांचे 43. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी, म्हणजे अख्खं धरण अडीच दिवसांत रिकामं! सामान हलवायचं की नाही, ते सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या कृष्णेच्या पातळीवरून ठरवावं: 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. पातळी, तारीख आणि वेळ तिन्ही नसतील तर मेसेज पुढे पाठवू नये.

अ‍ॅडमिनने पाणी चढत असताना ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही सेटिंग लावावी. खोटा मेसेज दाबून धरून सगळ्यांसाठी डिलीटही करता येतो. कंपनीकडे तक्रार केली तर कायद्याने तिची पोच 24 तासांत मिळते, पण पुराच्या रात्री तेवढा वेळ कुणाकडे असतो?

2021 च्या आयटी नियमांनी मूळ पाठवणाऱ्याचा माग मागितला, कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. त्या मागासाठी सगळ्यांच्याच खासगी बोलण्याचं कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, सैल करणं आम्हाला पटत नाही. सक्ती हवीच, पण ती मूळ तारखेची: मेसेज पहिल्यांदा कधी पाठवला, एवढंच फॉरवर्डवर दिसावं. नाव नको, नंबर नको. किती वेळा फॉरवर्ड झाला ही मोजणी आजही मेसेजसोबत कुलूपबंदच जाते, तारीखही तशीच जाऊ शकते.