गच्चीवरच्या टाकीत अल्ट्रासॉनिक सेन्सर: नागपूरच्या थंडीपासून पावसाळ्यापर्यंतचे आठ महिने

डिसेंबरात आमच्या मनीषनगरच्या घरी, गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीला पाण्याची पातळी दाखवणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला. घ्यावा का, असं कुणी विचारलं तर नक्की घ्या म्हणेन. पण सोबत तापमानाचा सेन्सरही घ्या, नागपुरात तरी घ्याच. हे मला मे महिन्यात कळलं.

त्या दुपारी आई कूलरमध्ये पाणी भरत होती आणि नळाची धार बारीक होत होत थांबली. स्वयंपाकघरातल्या डिस्प्लेवर मात्र अजून ६ सेंटिमीटर पाणी दिसत होतं. बझर मी ५ सेंटिमीटरवर लावलेला, त्यामुळे तो वाजलाच नाही. वर जाऊन झाकण उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ तोंडावर आली आणि आउटलेटचं तोंड उघडं पडलेलं. सेन्सर बिघडला नव्हता.

मुळात हा सेन्सर अंतर मोजतच नाही, तो वेळ मोजतो. ४० किलोहर्ट्झचा आवाज खाली सोडायचा आणि पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. २० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने जाऊन-येऊन दर सेंटिमीटरला ५८ मायक्रोसेकंद होतात. नेटवरच्या तयार प्रोग्राममध्ये '५८ ने भागा' असतं ते यामुळेच. पण हवा तापली की आवाजाचा वेग दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो. ५० अंशांना तो ३६१ च्या आसपास जातो. आमच्याकडे सेन्सरपासून आउटलेट १२२ सेंटिमीटर खाली आहे. तापल्या हवेत तेच ११६ दिसतं. नसलेलं ६ सेंटिमीटर पाणी आलं ते इथून. जानेवारीत १० अंशांच्या पहाटे उलटं होतं, अंतर २ सेंटिमीटर जास्त दिसतं. तेव्हा मोटर जरा आधी सुरू होते, नुकसान काही नाही. सोनोग्राफीचं मशीनही वेळच मोजतं आणि मऊ ऊतींसाठी १५४० मीटरचा वेग धरून चालतं. शरीराचं तापमान फारसं हलत नाही, म्हणून तिथे ते जमतं. आमच्या टाकीतल्या हवेचं तसं नाही.

मग डीएस१८बी२० हा वॉटरप्रूफ तापमान सेन्सर टाकीत लोंबता सोडला, पाण्यात बुडणार नाही असा. झाकणाला चिकटवू नका, तिथलं पत्र्यासारखं तापलेलं प्लॅस्टिक भलताच आकडा देतं. आता प्रोग्राम दर वेळी तापमानावरून वेग काढतो. मे संपताना काठी घालून चार-पाचदा ताडून पाहिलं, फरक १ सेंटिमीटरच्या आत होता.

बाकीच्या अडचणी लहान. आधी दोन उघड्या डोळ्यांचा एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला होता, तो दमट हवेत दीड महिन्यात गेला. नंतरचा जेएसएन-एसआर०४टी वॉटरप्रूफ आहे, पण त्याचं एकच तोंड आवाज सोडतं आणि ऐकतं. सोडल्यावर ते क्षणभर थरथरत राहतं, म्हणून २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं त्याला कळत नाही. टाकीच्या गळ्यामुळे पाणी मुळातच खाली राहतं. उरलेलं बॉल कॉकची दांडी वाकवून जमवलं.

त्याच दांडीने पुढे तीन दिवस घोळ घातला. पाणी वापरलं, भरलं, तरी आकडा ४१ वरून हलेना. आवाज शंकूसारखा पसरतो आणि वाटेतल्या दांडीवरूनच परत येत होता. सेन्सर बसवायचं भोक वीतभर सरकवलं, सुटला प्रश्न.

मोटर चालू असताना लाटांमुळे आकडे उड्या मारतात. सलग ९ मोजमापं घेऊन मधलं धरतो. थंडीत सेन्सरच्या तोंडावर थेंब साचतात, पावसाळ्यात कोळी जाळं विणतो. महिन्यातून एकदा कोरडं फडकं घेऊन वर जातो.