टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, पांदणीपासून हायवेपर्यंत
आठ महिने झाले सेकंडहँड ऑटोमॅटिक घेऊन, टॉर्क कन्व्हर्टरवाली, एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) नाही हं भाऊ, लोक दोन्ही एकच समजतात. एएमटीत तोच साधा क्लच राहते, फक्त आपल्या पायाऐवजी मशीन दाबते. माझ्या गाडीत इंजिन अन गिअरबॉक्सच्या मधात तेल फिरते, म्हणून पांदणीच्या काळ्या चिखलात ब्रेक सोडला का गाडी हळूच सरकते, क्लच जळाचा वास नाही, अन उठताना जोर जवळपास दुप्पट मिळते. मले तर याच्यातच पैसे वसूल वाटले.

पण तेलातून ताकद जाते म्हणजे थोडी घसरतेच, डिझेल वाया जाते, त्याच्यासाठी आतमधी लॉकअप क्लच दिला राहते, तो इंजिन अन गिअरबॉक्स थेट जोडून टाकते, मंग घसरण बंद. नागपूर रोडवर एकसारखी चालवली का आरपीएमचा काटा जरासा खाली येऊन थांबते, समजाचं क्लच बसला. (आयडिया जुनीच हाय, पॅकार्ड नावाच्या अमेरिकन गाडी कंपनीनं 1949 मधीच आणली होती.)

गावात मायलेज रडकंच. अन जवळच्या गॅरेजवाला म्हणे कोणतंबी तेल टाकू, मी हातच जोडले बाप्पा! एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, गाडीच्या मॅन्युअलमधी लिहिलेलंच पाहिजे, नाहीतर लॉकअप लागताना गाडी थरथरते.