नवरा-बायकोच्या मध्ये ओसीडी आला तर कोणती थेरपी घ्यावी: गावात राहणाऱ्यांसाठी तुलना

घरात दारू नाही, मारझोड नाही, बाहेर काही भानगड नाही, आणि तरी नवऱ्याच्या नाहीतर बायकोच्या डोक्यात रात्रंदिवस एकच चालू असतं की आपण बरोबर माणसाशी लग्न केलं का, मला हिच्याबद्दल खरंच काही वाटतं का, याचं बोलणं असं आहे ते मला जन्मभर सहन होईल का. विचार नको असतो तरी येतो, आला की छातीत धडधडतं, आणि मग त्याचं उत्तर शोधण्यात तासन्‌तास जातात. अशा जोडप्यांसाठी हे लिहितेय. याला रिलेशनशिप ओसीडी म्हणतात, आरओसीडी. हा काही वेगळा आजार नाही, ओसीडीच आहे, म्हणजे नको असलेला विचार परत परत येणं आणि तो शमवायला तीच ती गोष्ट करत राहणं, फक्त तो हात धुण्यावर किंवा कुलपावर न बसता नात्यावर बसलाय. इस्राएलमधल्या गाय डोरोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 पासून यावर बरंच लिहिलंय आणि याच्या दोन तऱ्हा सांगितल्यात, एकात नात्याबद्दलच शंका येते आणि दुसऱ्यात जोडीदाराच्या एखाद्या गोष्टीत, नाकात, रंगात, शिक्षणात, मन अडकून बसतं.

माझ्या लहान भावाला दोन्ही होतं. रात्री दिवा बंद झाला की भावजयीला विचारायचा, "काहून वं, तू खुश हायेस ना माह्यासोबत?" ती म्हणायची, "हाव जी, हावो ना." थोडा वेळ शांत. मग परत, "खरंच ना? मले असं काहून वाटते मंग?" दिवसा वावरात असला तरी मोबाईलवर लग्नाचे फोटो काढून बघायचा की त्या दिवशी आपला चेहरा आनंदी दिसतोय का, मित्राच्या बायकोशी तुलना करायचा, पत्रिका एकदा जुळलेली असताना दुसऱ्या गावच्या गुरुजींकडून परत जुळवून आणली. हे सगळं म्हणजे गजकर्ण खाजवल्यासारखं आहे, खाजवलं की पाच मिनिटं बरं वाटतं आणि ते पसरतच जातं. थेरपी निवडताना हे एवढं एक डोक्यात पक्कं ठेवा, जी थेरपी खाजवायला नवीन काठी देते ती नको, भले ती कितीही प्रेमाने देत असो.

तुलनेआधी एक गोष्ट. नवरा मारतो, पैसे अडवतो, संशय घेऊन कोंडून ठेवतो आणि म्हणून बायकोला वाटतं की हे लग्न चुकलं, तर तो ओसीडी नाही, ती खरी अडचण आहे, तिथे 181 या महिला हेल्पलाईनवर फोन करायचा, थेरपीची तुलना करत बसायचं नाही.

साधं कपल काऊन्सेलिंग की ईआरपी

बहुतेक लोक आधी साध्या समुपदेशनाला जातात कारण तेच माहीत असतं आणि तालुक्याला तेच मिळतं. भांडण, सासर-माहेर, पैसा, अबोला यासाठी ते चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ओसीडीवाल्याला तिथे जे विचारतात तेच त्याचं विष असतं. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांनी भावाला वही दिली आणि सांगितलं की बायकोचे गुण एका बाजूला लिही, दोष दुसऱ्या बाजूला, मग तुझं तुलाच कळेल. त्याने वहीच्या वही भरली, रोज मोजायचा, आज गुण जास्त आले की हसायचा आणि उद्या दोष एकाने वाढला की जेवायचा नाही. बाई मनाने चांगल्या होत्या, पण ओसीडी म्हणजे काय ते त्यांनी विचारातच घेतलं नव्हतं.

ईआरपी म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. 1966 मध्ये व्हिक्टर मेयर यांनी याची सुरुवात केली आणि आज ओसीडीसाठी पहिल्यांदा सांगितली जाणारी थेरपी हीच आहे. यात उत्तर शोधून देत नाहीत. ज्या विचाराची भीती वाटते त्याच्याजवळ मुद्दाम जायचं आणि नेहमीचं चेक करणं, विचारणं, तुलना करणं थांबवायचं, म्हणजे शंका असतानाही जगता येतं हे मेंदू शिकतो. आधी थेरपिस्टसोबत शिडी करतात, कशाने किती घबराट होते त्याला शून्य ते शंभर मार्क देऊन. भावाच्या शिडीत खाली होतं लग्नाचा अल्बम बघून चेहरे न तपासता बंद करणं, मध्ये होतं दुसऱ्याच्या लग्नात जाऊन जोडप्यांमध्ये बसणं आणि तुलना सुरू झाली तरी ती पूर्ण न करणं, आणि वर होतं स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं वाक्य, "कदाचित मी चुकीच्या बाईशी लग्न केलं असेन, मला हे कधीच पक्कं कळणार नाही," ते रोज ऐकायचं आणि ऐकून झालं की कोणालाच काही विचारायचं नाही, सरळ उठून बैलाला पाणी दाखवायला जायचं.

साधारण 12 ते 20 बैठका लागतात, बहुतेक आठवड्याला एक, आणि घरचा अभ्यास रोजचा. सुरुवातीला त्रास वाढतो. हे आधीच माहीत पाहिजे, नाहीतर "हे तर उलटंच झालं" म्हणून माणूस सोडून देतो. दोघांत निवडायचं झालं तर माझ्या मते ईआरपी आधी, काही प्रश्नच नाही. शंका निवळल्यावर खरं भांडण काही उरलंच तर मग कपल काऊन्सेलिंग घ्या, तेव्हा ते उपयोगी पडतं.

ईआरपी एकट्याने की जोडीने

इथे खरा विचार करायला लागतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या जोनाथन अब्रामोविट्झ आणि डोनाल्ड बॉकम यांच्या टीमने ओसीडीसाठी जोडप्याने करायची ईआरपी तयार केली, 16 बैठकांची, त्यावर 2013 मध्ये पेपर आला. ती सगळ्याच ओसीडीसाठी आहे, फक्त नात्याच्या नाही, पण त्यातली मुख्य गोष्ट आपल्याला लागू पडते, की जोडीदार नकळत आजाराला खायला घालत असतो. "हाव जी" हे उत्तर म्हणजे खायला घालणंच.

जोडीच्या थेरपीत बायकोला (किंवा नवऱ्याला, ज्याला आजार नाही त्याला) शिकवतात की उत्तर द्यायचं नाही पण माणसाला सोडायचंही नाही. भावजयीला जे वाक्य दिलं ते तिने तिच्या बोलीत करून घेतलं, "हा तुमचा ओसीडी बोलून रायला, याचं उत्तर मी नाई देत, पण मी इथंच हाओ." आणि पाठीवर हात. हे दोघांनी आधी शांतपणे बसून ठरवलेलं असतं, रागात अचानक बोलायचं नसतं, नाहीतर ते टोमण्यासारखं लागतं. आणि जोडीदाराने पोलीस व्हायचं नाही, दिवसभर "बघ, परत तुलना केली" म्हणत मागे लागायचं नाही.

पण आरओसीडीत जोडीची थेरपी इतर ओसीडीपेक्षा नाजूक आहे, कारण शंकेचा विषयच समोर बसलेला असतो. कुलपाच्या ओसीडीत कुलपाला वाईट वाटत नाही. इथे बायको ऐकते की नवरा रोज "कदाचित माझं हिच्यावर प्रेम नाही" असं रेकॉर्डिंग ऐकतोय, तर ती रडणारच. म्हणून चांगला थेरपिस्ट आधी जोडीदाराला वेगळं बसवून आजार समजावतो, आणि सगळे विचार सांगून टाकायला लावत नाही. कबुली देणं, "मला आज तुझ्या दाताचा असा विचार आला, सांगून मोकळा होतो," हेही ओसीडीचंच कर्मकांड असतं, मोकळा होणारा मोकळा होतो आणि ऐकणारी आरशासमोर दात बघत बसते. आमच्याकडे तेच झालं होतं, भावजयीने फोटोत हसणं बंद केलं होतं, आणि तिच्याकडे आम्ही घरच्यांनी फार उशिरा बघितलं.

तर जोडीने कधी? जोडीदाराला आजार समजलाय, राग थोडा निवळलाय, आणि रोजचे प्रश्न मुख्यतः त्यालाच विचारले जातात तेव्हा. एकट्याने कधी? जोडीदार आधीच फार दुखावला असेल, किंवा सगळं डोक्यातल्या डोक्यात चालत असेल, किंवा जोडीदार यायलाच तयार नसेल. मधला मार्गही आहे आणि मला तोच गावातल्या बहुतेक घरांना बरा वाटतो, थेरपी एकट्याची पण मध्ये मध्ये काही बैठकांना दोघं. सासू, जाऊ, नणंद यांना बैठकीत नेऊ नका. एकत्र कुटुंबात त्यांना इतकंच सांगा की "त्याचं डोक्याचं औषधपाणी चालू आहे, लग्नाबद्दल विचारलं तर उत्तर देऊ नका."

गोळ्यांचं काय

एसएसआरआय गटातल्या (डिप्रेशनवरही देतात त्या) गोळ्या, फ्लुओक्सेटिन, सरट्रालिन, फ्लुवोक्सामिन, एस्सिटॅलोप्राम, ओसीडीवर चालतात. डिप्रेशनपेक्षा डोस बहुतेकदा जास्त लागतो आणि फरक दिसायला 8 ते 12 आठवडे, म्हणून महिनाभरात "काही नाही झालं" म्हणून फेकू नका आणि मनाने एकदम बंदही करू नका. आजार जास्त असेल, झोप-जेवण गेलं असेल, किंवा ईआरपीवाला जवळ नसेल तर गोळ्या आधी सुरू करणं शहाणपणाचं. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना उघड विचारा, लाजू नका. या गोळ्यांनी शरीरसंबंधाची इच्छा कमी होऊ शकते, आणि आरओसीडीवाला लगेच त्याचा अर्थ लावतो की बघा, प्रेमच नव्हतं. दोघांनाही आधी माहीत असलं तर अर्धी भीती तिथेच जाते. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर तेही आधी सांगा. आणि नुसत्या शांत करणाऱ्या, झोपेच्या गोळ्यांवर महिनोन्‌महिने राहणं हा ओसीडीचा इलाज नाही.

जवळचं, लांबचं, की फोनवर

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचार तज्ज्ञ असतात, आणि आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. निदान आणि गोळ्यांसाठी हे सगळ्यात सोपं, पण गर्दी इतकी की ईआरपीला लागणारा तासभर तिथे मिळेलच असं नाही. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, मेयो, एम्स, यवतमाळ, अकोला इथे मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी आहे, तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे गोळ्या न देता थेरपी करणारे, कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारून मगच एसटीत बसा, नाहीतर दिवसाची मजुरी जाते आणि फक्त गोळ्यांची चिठ्ठी घेऊन परत यावं लागतं.

ऑनलाईन ईआरपी आमच्यासाठी जास्त कामाची ठरली कारण सराव घरातच करायचा असतो. अडचण रेंजची आणि एकांताची. घराच्या भिंती पातळ, ओट्यावर शेजारी, म्हणून भाऊ वावरातल्या निंबाखाली बसून बोलायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत वेळ संध्याकाळची मागून घेतली. खाजगी ऑनलाईन बैठक महाग पडते हे खरं आहे, मग पंधरवड्याला एक आणि मध्ये घरचा अभ्यास असं बोलून घ्या, बरेच जण तयार होतात. टेलीमानस 14416 हा सरकारी नंबर 24 तास आणि मराठीत चालतो, मोफत, कुठे जावं हे विचारायला किंवा फार घाबरायला झालं तर उत्तम, पण पूर्ण ईआरपी त्यावर होत नाही. जीव द्यायचा विचार येत असेल तर मात्र तुलना बाजूला, त्याच वेळी फोन करा आणि माणसाला एकटं सोडू नका.

हातात पैसा आणि वेळ कमी असेल तर मी असं करीन, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात निदान आणि गरज असेल तर गोळ्या, आणि ईआरपी फोनवर, जोडीदाराला मध्ये मध्ये घेऊन. आजार हलका असेल तर गोळ्यांशिवाय नुसती ईआरपी पण चालते. दोन्ही परवडत असेल आणि त्रास जास्त असेल तर दोन्ही सोबत.

थेरपिस्टला पहिल्या फोनवरच विचारा, ओसीडीसाठी ईआरपी करता का, घरी रोज काय करायला द्याल, माझ्या बायकोला काय शिकवाल, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का. "सकारात्मक विचार करा", "विचार आला की मनगटावर रबर ओढा", "आधी ठरवा प्रेम आहे की नाही" असं काही ऐकू आलं तर नमस्कार करून दुसरा नंबर लावा. आणि जाताना जुन्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, आणि आठवडाभरात कोणता प्रश्न कोणाला विचारला, किती वेळा फोटो बघितले, हे एका कागदावर लिहून न्या, शिडी तिथूनच सुरू होते.